टाकी नंबर तीन

पहाटे ४.३०

दौंडला भीमा ओलांडून आमची पिकअप काष्टीच्या रस्त्याला लागते तेव्हा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या सुरू झालेल्या असतात. मागे झाकणाच्या पिंपांत बार्ली आणि गव्हाचा ओला चोथा आहे. पुण्यातल्या ज्या मायक्रोब्रूअरीत मी नोकरीला आहे तिथं दर शुक्रवारी बिअर शिजते. हजार लिटरच्या एका घाण्यामागे साधारण दोनशे किलो चोथा उरतो. धान्यातली साखर पाण्यात उतरून गेलेली असते. प्रथिनं आणि तंतू मागे राहतात. दुभत्या गाईला ते अंगी लागतं. पण त्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशीच आंबतो. आत्ता पौषाची थंडी आहे, तरी आम्ही रात्रीच निघतो.

घरच्या गोठ्यात पिंप उतरवलं की मी आधी मूठभर चोथा हातात घेऊन हुंगतो. ताजा असला तर उकडलेल्या गव्हासारखा गोडसर, उबदार वास येतो. कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाला जो आंबूस वास सुटतो, तो इथं नाकाला लागला तर ते पिंप गाईंपुढे जात नाही. आज तिन्ही पिंपं चांगली आहेत. आई कडब्याच्या कुट्टीत पाटी-पाटी कालवते. गावात याला बियर बार्ली म्हणतात. गाईंना ती फार आवडते, म्हणूनच मापात द्यायची. जास्त झाली की पोट बिघडतं.

५.३०

धार काढून झाली की किटल्या डेअरीवर जातात. तिथला पोरगा दुधात लॅक्टोमीटर सोडतो आणि डिग्री वाचतो. अठ्ठावीस डिग्री म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट घनता. फॅट साडेतीन आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक, साडेआठ असेल तर पुरा भाव, खाली गेलं तर कपात. माझ्या खिशात पुण्याला जे काचेचं उपकरण असतं ते याचंच भावंड आहे. ते बिअरच्या रसात तरंगतं. यीस्ट टाकण्याआधी १.०५० आणि आंबून झाल्यावर १.०१२, असे दोन आकडे मिळाले की किती साखरेची दारू झाली ते कळतं. या उदाहरणात साधारण पाच टक्के.

पण डेअरीवरचे जुने लोक डिग्रीवर थांबत नाहीत. झाकण उघडलं की पहिल्यांदा नाक पुढं जातं. गाईला पहाटे लसूणघास किंवा कुजका चारा घातला असेल तर यंत्र काही बोलत नाही, वास बोलतो. माझ्या कामातही अगदी हेच आहे. आकडे बरोबर आले म्हणजे बिअर चांगली झाली असं होत नाही.

६.३०

शनिवार म्हणजे काष्टीचा जनावरांचा बाजार. दुभत्या संकरित गाईंसाठी लांबलांबून व्यापारी येतात, आणि उजाडायच्या आत बाजारतळ भरतो. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, दुसऱ्या वेताची एक गाय बघायला आलेत. मी त्यांच्यामागे उभा राहतो.

नानांची पद्धत ठरलेली आहे. आधी लांबून गाय चालवून बघायची. मग दात: आदत, दोन दाती, चार दाती की जुळलेली. मग कास, चारी सडांतून एकेक धार, कातडी चिमटीत धरून सोडायची. तोवर तोंडातून चकार शब्द नाही. व्यापारी शेजारी उभा राहून गाईचं कौतुक करत असतो, नाना त्याच्याकडे बघतही नाहीत. लहानपणी मी एकदा मधेच "लई भारी गाय हाय" असं म्हणालो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, "भारी का हलकी ते मागनं. आधी काय हाय ते सांग. दात किती, सड कसे, चाल कशी. किंमत समद्यात शेवटाला."

बिअर चाखायचं शास्त्र मी पुढे पुस्तकांतून शिकलो, परीक्षा दिल्या, तरी त्याचा गाभा या एका वाक्यात आहे. चाखणारा माणूस आपली आवड बाजूला ठेवून समोरच्या वस्तूत काय आहे ते नोंदवतो. नंतर ती वस्तू जे व्हायला निघाली होती ते झाली का, हे ठरवतो. आवडली की नाही हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, आणि कित्येकदा येतच नाही.

सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. गाय घरी येते.

७.३०

आई मला शनिवारी ज्वारीची भाकरी आणि नुसतं दूध देते. ठेचा नाही, कांदा नाही, आलं घातलेला चहाही नाही. तिखटानं जीभ बधिर होते आणि आल्याचा वास तासन् तास टाळूला धरून राहतो. हे तिला मी एकदाच सांगितलं होतं. मी दारूच्या धंद्यात आहे याचा तिला आनंद नाही. आमच्या भागात दारू म्हणजे देशीचं दुकान आणि त्यानं उठलेली घरं. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची, म्हणजे दुकान बंद पाडायची, तरतूद महाराष्ट्रात आहे, आणि ती उगाच आलेली नाही. आईशी मी यावर वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की जे लोक पितात त्यांना नीट केलेली, जाणून घेऊन थोडी प्यायची गोष्ट मिळाली पाहिजे, आणि ते नीट झालंय की नाही हे कुणीतरी इमानानं सांगितलं पाहिजे.

८ ते १०

रिकामी पिकअप पुण्याकडे. ड्रायव्हर बोलका नाही, त्यामुळे हा वेळ माझा. कालव्याचं पाणी पोचलेल्या रानांत उसाच्या आणि कांद्याच्या मधेमधे गहू उभा आहे, निसवायला आलेला.

या गव्हाची बिअर करायला जर्मनीत एके काळी बंदी होती, हे इथल्या शेतकऱ्याला सांगितलं तर खरं वाटणार नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूक विल्हेल्म चौथ्यानं इंगोलश्टाट इथं फर्मान काढलं, की बिअरमध्ये बार्ली, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. गहू भाकरीसाठी राखायचा, हा त्यामागचा एक हेतू. पण नियम झाला की अपवादही झाला. डेगेनबेर्ग नावाच्या सरदार घराण्याकडे गव्हाची बिअर करायचा खास हक्क राहिला. १६०२ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला आणि हक्क ड्यूक मॅक्सिमिलियनकडे आला. त्यानं म्युनिकमध्ये दरबाराची स्वतःची गव्हाची ब्रूअरी काढली आणि पुढे दोनेक शतकं या बिअरनं राज्याच्या खजिन्यात भर घातली. एकोणिसाव्या शतकात लोकांची चव बदलली, फिकट थंड लागर बिअरचे दिवस आले, आणि गव्हाची बिअर मागे पडली. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर या ब्रूअरनं ती करायचा हक्क राजघराण्याकडून मिळवला. ती टिकली यात त्याचा मोठा वाटा आहे.

आजचा जर्मन नियम असा की या बिअरच्या माल्टमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही. बाकीचा हिस्सा बार्लीचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं धान्य. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात ही क्रिया निराळी सांगायला नको. बार्ली का घ्यावी लागते? गव्हाला मळणीनंतर टरफल उरत नाही. नुसत्या गव्हाचा लगदा खिरीसारखा बसतो आणि रस खाली उतरत नाही. बार्लीची टरफलं गाळणीचं काम करतात. तरीही अडलं तर आम्ही भाताचं तूस मिसळतो.

महाराष्ट्रात ही बिअर ताजी मिळायला लागली ती २००९ नंतर. पुण्यात डूलॅली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली आणि ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूअरनं तिथं ज्या पहिल्या बिअर केल्या त्यांत गव्हाची होती. बाटलीतली कडक बिअर थंडगार करून गटागटा पिणाऱ्या शहराला कुणीतरी पहिल्यांदा गढूळ, केळ्याच्या वासाची, कडवटपणा जवळजवळ नसलेली बिअर दिली. लोकांनी ती स्वीकारली, आणि माझ्यासारख्या कृषी पदवीधरांना पुढे नवी नोकरी मिळाली.

१०.३०

अंघोळ. बाजाराची धूळ आणि गोठ्याचा वास अंगावर घेऊन चाखायला बसता येत नाही. वास नसलेला साबण, डोक्याला तेल नाही, कपडे इथंच धुतलेले. चाखणाऱ्या पॅनेलवरच्या सगळ्यांना हाच नियम आहे. सर्दी असेल त्यानं आधीच सांगून बाहेर बसायचं.

११

अकरा ते बारा ही नाकाची चांगली वेळ. न्याहारी जिरलेली असते आणि जेवणाची भूक कडक झालेली नसते. आम्ही चौघं: थोरले ब्रूअर, प्रयोगशाळेतली सहकारी, स्वयंपाकघरातल्या शेफ मॅडम आणि मी. शेफ मॅडमचं नाक आमच्या सगळ्यांत तेज आहे आणि बिअर त्यांना विशेष आवडत नाही, त्यामुळे त्यांचा शब्द मी फार मानतो.

प्रत्येकापुढे तीन ग्लास, त्यांवर तीन-तीन आकडे: ३४७, ८१२, ५९६. कोणत्यात काय आहे ते भरणाऱ्या मुलाखेरीज कुणाला ठाऊक नाही. एकात टाकी नंबर तीन, जी आज संध्याकाळी नळाला लावायची आहे. दुसऱ्यात आमचाच मागचा घाणा. तिसऱ्यात आयात केलेली एक बव्हेरियन बाटली. तापमान आठ अंश. त्याहून थंड दिलं तर वास गोठून बसतो, आणि दोष लपवायचे असतील तर तोच सोपा उपाय असतो.

गुणांचा कागद पन्नासाचा. अमेरिकेत १९८५ पासून बिअर पारखणाऱ्यांची जी बीजेसीपी ही संस्था चालते, तिची वाटणी आम्ही घेतली आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्याला तीनच, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. डोळा सगळ्यांत आधी फसतो.

ग्लास हातात आला की पहिला श्वास लगेच घ्यायचा, कारण उडून जाणारे वास पहिल्या काही क्षणांतच असतात. छोटे, भराभर हुंगे. मग लिहायचं. मग हलकेच ग्लास फिरवून पुन्हा. बोलायचं नाही, एकानं "केळं" म्हटलं की बाकी तिघांना केळं येतंच.

३४७. रंग फिकट सोनेरी, गढूळपणा सारखा पसरलेला, फेस पांढरा, दाट, बोटभर उंच. हे गव्हाच्या प्रथिनांचं देणं. वासात आधी लवंग, मग पिकायला लागलेलं केळं, मागे ताज्या पावाचा कणकेचा वास. लवंग आणि केळं, कुणी कुणाला दाबत नाही. घोट घेतला की बुडबुडे जिभेवर भरून येतात आणि अंग मऊ लागतं. बिअर थुंकत नाहीत, गिळतात. गिळल्यावर घशामागून नाकात चढणारा वास हा मूल्यमापनाचा अर्धा भाग आहे. तिथं पुन्हा लवंग. शेवट कोरडा, दुसरा घोट मागणारा.

८१२. पहिल्याच हुंग्याला केळं, आणि केळंच. तेही वेलची केळ्याचं नव्हे, काळे डाग पडून गेलेल्या केळ्याचं, त्यामागे पोरांच्या च्युइंगमचा गोडवा. लवंग शोधावी लागते. दुसऱ्यांदा फिरवल्यावर कोवळ्या हिरव्या सफरचंदासारखी एक धार. चव गोड वाटते, प्रत्यक्षात साखर फारशी नाही. वास जिभेला फसवतोय. दिसायला मात्र देखणी. वास ६, दिसणं ३, चव ११, स्पर्श ४, एकूण ५. एकोणतीस.

५९६. फेस लवकर बसला. वासात मध, आणि त्याखाली ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. लवंग पुसट झालेली. ही बिअर एके काळी उत्तम असणार हे कळतं, आणि तिला प्रवासात उष्मा लागलाय हेही कळतं. हवेशी आणि उष्णतेशी गाठ पडली की बिअर अशी म्हातारी होते.

कागद उलटे ठेवून झाल्यावर मगच चर्चा. चौघांच्या ओळी बऱ्याच जुळल्या. शेफ मॅडमनी ८१२ पुढे लिहिलंय, "शिकरण." मुलानं आकडे उघडले: ३४७ मागचा घाणा, ५९६ आयात बाटली, आणि ८१२ ही टाकी नंबर तीन.

आता असं का झालं ते शोधायचं. या बिअरचं केळं आणि लवंग दोन्ही बाहेरून घातलेली नसतात, दोन्ही त्या विशिष्ट यीस्टची करणी. केळ्याचा वास आयसोअमिल ॲसिटेटचा, जो पिकलेल्या केळ्यातही असतो. यीस्ट उबेत, घाईत वाढलं की तो वाढतो. लवंगेसारखा वास येतो तो फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा, लवंगेतल्या युजेनॉलचं जवळचं नातलग. त्याचा कच्चा माल म्हणजे फेरुलिक आम्ल, आणि ते धान्याच्या भिंतीत बांधलेलं असतं. लगदा ४४ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवला तर ते सुटतं आणि मग यीस्ट त्याची लवंग करतं. म्हणजे केळ्याची दोरी आंबवण्याच्या तापमानात आणि लवंगेची दोरी लगद्याच्या थांब्यात. आम्ही नोंदवही काढली. थांबा ठीक दिलेला होता. पण दुसऱ्या रात्री वीज गेली, गार पाण्याचा फेरा थांबला, आणि १९ वर ठेवायची टाकी पहाटेपर्यंत २४ वर चढली होती. आंबताना बिअर स्वतःच गरम होते. बाहेर कितीही थंडी असली तरी मोठी टाकी आतून तापत राहते.

हिरवं सफरचंद म्हणजे ॲसिटाल्डिहाइड, बिअर कोवळी असल्याची खूण. दोन-तीन दिवस यीस्टच्या सोबत राहू दिली तर यीस्ट ते परत खाऊन टाकतं. केळं मात्र तसं जाणार नाही.

१.३०

जेवणावर मालकांशी बोलणं. त्यांचा मुद्दा खोटा नाही: शनिवार आहे, मागचा घाणा रात्रीपर्यंत संपेल, आणि गिऱ्हाइकाला केळंच आवडतं. टाकी तीन आज लावली तर कुणी परत करणार नाही, उलट काहीजण कौतुक करतील. मी म्हणालो, पहिल्या ग्लासाचं कौतुक होईल, दुसरा कुणी मागणार नाही. गोड वासाची ही गोष्ट पहिल्या घोटाला खूश करते आणि अर्ध्या ग्लासात थकवते. लवंगेची किंचित तुरट धार असते म्हणून केळं सोसवतं. शिवाय फळ्यावर आपण जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर असं लिहितो. ज्यानं ती कधी प्यायलेली नाही त्याला आपण जे देऊ तेच तो खरं मानणार आहे. जाणकार माणूस आपला दोष ओळखून सोडून देईल, नवख्याला आपण कायमचं चुकीचं शिकवू. मला हे दुसरं जास्त लागतं.

मालक थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंगळवारपर्यंत. त्यानंतर नाही." मागचा घाणा संपला की फळ्यावरचं नाव पुसायचं आणि मंगळवारी टाकी पुन्हा चाखायची, असं ठरलं. तेव्हाही लवंग कमीच वाटली तर पुढच्या घाण्यात तिचा काही हिस्सा मिसळून समतोल साधता येईल.

४.००

वाढप्यांचा वर्ग. गव्हाची बिअर उंच, वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासात का देतात, ग्लास आधी पाण्यानं का विसळायचा, तो कसा तिरपा धरायचा. बाटलीतून ओतताना तळाशी थोडी राखायची, बाटली गोल फिरवून यीस्ट उठवायचं आणि मग उरलेलं वर सोडायचं. गढूळपणा घाण नाही, तोच तिचा अर्धा स्वाद आहे, हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं.

एक मुलगा विचारतो, "सर, कडेला लिंबाची फोड लावू का? छान दिसते." मी श्रीगोंदा तालुक्यातला. आमच्याकडच्या लिंबाच्या गोण्या कुठं कुठं जातात. लिंबाविरुद्ध माझ्या मनात काही असणं शक्य नाही. पण सालीतलं तेल फेस मोडतं आणि त्याचा वास लवंगेला गिळून टाकतो. गिऱ्हाइकानं मागितलं तर वाटीत वेगळं द्या, आनंदानं द्या. आपण होऊन लावू नका.

मग मी त्यांना प्रत्येकी एक घोट दिला आणि काय आलं ते एका शब्दात सांगायला लावलं. "मस्त" हा शब्द चालणार नाही, असं आधीच बजावलं. बीडचा एक पोरगा बराच वेळ थांबून म्हणाला, "मसालेभातात लवंग चावल्यावर येतं तसं, पण लांबून." एवढं नेमकं वर्णन मी छापील पुस्तकात क्वचित वाचलंय.

८.००

शनिवारची गर्दी. दारात वय तपासलं जातंय. महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात. मी बारच्या कडेला उभा राहतो आणि लोकांच्या तोंडाकडे बघत नाही, परत येणाऱ्या ग्लासांकडे बघतो. तोंडदेखलं कौतुक सगळेच करतात. तळाशी चार बोटं बिअर उरलेला ग्लास खरं बोलतो. आतल्या काचेवर फेसाच्या कड्या घोटाघोटाला उमटलेल्या दिसल्या तर ग्लास स्वच्छ होता आणि फेस धरून राहिला होता.

मागच्या घाण्याचे ग्लास रिकामे येतायत. साडेनऊला पिंप संपतं. मुलगा फळ्यावरचं नाव पुसतो. दोघंतिघं विचारतात, त्यांना सरळ सांगितलं जातं: अजून तयार नाही, बुधवारी बघा. एकानं विचारलं, तयार नाही म्हणजे काय? त्याच्यापाशी मी जरा वेळ बसलो, लवंग आणि केळ्याचं सांगितलं. तो कापडाच्या दुकानात काम करतो. म्हणाला, आमच्याकडे नव्या गठ्ठ्यातला तागा मालक आधी उजेडात धरून बघतात, मग मापाला घेतात.

१०.३०

पुढच्या घाण्याचा कागद. गव्हाचं माल्ट ५५ टक्के, बाकी बार्ली. पहिला थांबा ४४ अंशांवर वीस मिनिटं. हॉप्स हालरटाऊचे, एकदाच, उकळीच्या सुरुवातीला, कडवटपणा बाराच्या आसपास. यीस्ट १७ ला सोडायचं आणि १९ च्या वर जाऊ द्यायचं नाही. रात्रपाळीसाठी वेगळी ओळ: वीज गेली तर दहा मिनिटांत जनरेटरवर गार पाण्याचा पंप, आणि मला फोन, कितीही वाजले असोत. टाकी तीनचं बूच बंद, तापमान १८ वर धरलेलं. मंगळवारी अकराला तीच चौघं, नवे आकडे लावून.